पडताळणी बाकी आहे

यमाची एक तारीख सोडली, तर या पृथ्वीवर अशी एकही अंतिम तारीख नाही, जी माझ्या मावससासूबाईंना सरकारच्या आधी ठाऊक नसते. आणि यमाचीही ठाऊक नसेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मुदतवाढ जाहीर व्हायची वाट बघत असतील, म्हणून बोलत नसतील. मावससासूबाई म्हणजे माझ्या बायकोची मावशी. एका शाळेच्या ऑफिसात बसून त्यांनी आयुष्यभर मास्तर-बाईंची पगारपत्रकं केली आणि त्या सगळ्यांच्या आयकराचा घोर स्वतःच्या जिवाला लावून घेतला. शाळेने त्यांना वेळेवर निवृत्त केलं. आयकराने अजून केलेलं नाही.

आमची पहिली भेट झाली ती कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात. मुलाला पगार विचारणं बरं दिसत नाही म्हणून बाकीची मंडळी घाटकोपरच्या पाण्याबद्दल बोलत होती. एवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, “फॉर्म सोळा आणलात?” मी घाबरून पिशवीतून पत्रिका काढली. त्यांनी ती उलटसुलट केली आणि परत दिली. “यात कापलेला कर दिसत नाही हो.” मग माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि शेजारी बसलेल्या बहिणीला, म्हणजे माझ्या भावी सासूला, मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, “मुलगा बरा आसा गो. पण भरतलो शेवटच्या दिवशी.” नऊ वर्षं झाली लग्नाला. या भविष्यात त्या एका वर्षीही चुकलेल्या नाहीत, याचं सगळं श्रेय माझं आहे.

त्यांच्या मुलुंडच्या घरी, स्वयंपाकघराच्या दाराला एक कॅलेंडर टांगलेलं असतं. त्यावर एकादशी, संकष्टी वगैरे छापील मजकूर असतो आणि त्यावर लाल पेनाने सरकारी मजकूर चढवलेला असतो. आगाऊ कराचा दुसरा हप्ता बहुतेक वेळा पितृपक्षाच्या आसपास येतो, हा त्यांना योगायोग वाटत नाही. “दोन्हीकडे आपण ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. कोण येऊन घेतं ते बघायचं नाही,” असं त्या म्हणतात. अर्थसंकल्पाच्या दिवशी त्यांचा कडक उपास. नवे टप्पे कळेपर्यंत पाणी नाही, आणि घरात कुकर लावायला बंदी, कारण एका वर्षी ऐन प्रमाणित वजावटीच्या वेळी शिट्टी झाली होती. कुटुंबाच्या ग्रुपवर बाकीच्या मावश्या गुलाबाच्या फुलांवर सुप्रभात पाठवतात. यांचं सुप्रभात असं असतं : “पॅन आधारला जोडलं नसेल त्यांनी चहा नंतर प्यावा.” एकदा मी त्यावर हसरा चेहरा पाठवला. अर्ध्या तासात उत्तर आलं, “जावईबापू, तुमचं जोडलेलं नाही.” खरंच नव्हतं.

‘जावईबापू’ हा शब्द त्यांनी माझ्यासाठी जितक्या प्रकारे वापरलाय, तितके प्रकार व्याकरणात नाहीत. आमच्यात कितीही खटके उडाले तरी त्या मला अरेतुरे करत नसत. बायकोला “गो बाय” म्हणतात, तिच्या भावाला “मेल्या” म्हणतात, मला मात्र “अहो, तुम्ही”. एकदा मी करभरणा करताना आर्थिक वर्ष आणि आकारणी वर्ष यांची अदलाबदल केली आणि माझा चालू वर्षाचा कर मागच्या वर्षाच्या नावावर जमा झाला. त्यांनी मला समोर पाटावर बसवून समजावलं होतं, “अहो, ज्या वर्षी जेवलात ते आर्थिक वर्ष, आणि ज्या वर्षी ताट घासायचं ते आकारणी वर्ष. इतकं सोपं आहे, जावईबापू.” त्या ‘इतकं सोपं’मध्ये ‘मूर्खा’ हा शब्द कुठेही नव्हता, पण मला तो स्पष्ट ऐकू आला.

एक गोष्ट मात्र मला कित्येक वर्षं कळली नव्हती. माझा परतावा मंजूर झाला की मला कळायच्या आधी त्यांचा फोन यायचा, “अभिनंदन, जावईबापू. सुटलात.” मला वाटायचं, या बाईला वरून दिसतं.

आता दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टकडे येतो. त्या वर्षीपासून एक नवीन नियम लागू झाला होता. काही केलं नाही तर माणूस आपोआप नव्या करपद्धतीत जाणार. जुनी पद्धत हवी असेल, तर विवरणपत्र मुदतीतच भरायला हवं. माझ्या डोक्यावर घराचं कर्ज, आणि त्याच्या व्याजाची सूट फक्त जुन्या पद्धतीत. म्हणजे मुदत चुकली की वर्षभराची सूट पाण्यात. मावशींनी मला जूनपासून बजावलं होतं. मी एकतीस जुलैला, अर्थातच शेवटच्या दिवशी, विवरणपत्र भरलं, हात झटकले आणि त्यांना कळवलं, “झालं मावशी.” लगेच प्रश्न, “पडताळलंत?” विवरणपत्र भरून भागत नाही. ‘हे मीच भरलंय’ असं तीस दिवसांत पुन्हा सांगावं लागतं, नाहीतर ते वेळेत भरलं असं धरत नाहीत. मी त्या क्षणी क्रिकेट बघत होतो. म्हणालो, “हो हो, पडताळलं.” पलीकडे जरा शांतता पसरली. मग त्या म्हणाल्या, “बरं.”

हे खोटं मी विसरूनही गेलो.

तीस ऑगस्टला सकाळी चहा पिता पिता बायको म्हणाली, “मावशी आज गावी निघतेय, गणपतीची साफसफाई करायला. चारची बस आहे, मुलुंडच्या टोलनाक्यावरून. आणि अरे, ती विचारत होती, तुझी पडताळणी झाली ना?”

“झाली गं. किती वेळा सांगू?” मी म्हणालो आणि पावाचा तुकडा चहात बुडाला तो बुडालाच.

ती ऑफिसला गेल्यावर मी बोटांवर दिवस मोजले. मग बोटांवर विश्वास नाही म्हणून कॅलेंडरवर मोजले. तिसावा दिवस आजचा. तरी मी आधी जेवलो, कारण संकटाकडे रिकाम्या पोटी पाहू नये असं माझं मत आहे. सव्वादोनला लॅपटॉप उघडला. पडद्यावर लिहिलेलं, ‘पडताळणी बाकी आहे.’ दर वर्षी मी नेट बँकिंगवरून हे काम उरकायचो. या वेळी पासवर्ड तीनदा चुकवला आणि बँकेने मला माझ्याच खात्याबाहेर काढून कडी लावली. मग आधारचा मार्ग. बटण दाबलं. ओटीपी पाठवला, असं पडदा म्हणाला. माझा फोन ढिम्म. पाच मिनिटं फोनकडे बघत बसलो आणि मग एकदम आठवलं. माझ्या आधारला जोडलेला नंबर हा नव्हताच. तो जुना नंबर होता. आणि तो जुना नंबर मावशींकडे होता.

झालं होतं असं की, सहा वर्षांपूर्वी काका, म्हणजे मावशींचे यजमान, हॉस्पिटलात होते. त्या धावपळीत मावशींचा फोन बादलीत पडला. मी माझा जुना फोन सिमकार्डासकट त्यांच्या हातात दिला. मला ऑफिसने नवा नंबर दिलाच होता. पंधरा दिवसांत काका गेले. त्यानंतर सगळ्या नातेवाइकांकडे मावशींचा म्हणून तोच नंबर झाला. परत मागायचा कसा? आधारवर नंबर बदलून घ्यायचा राहिला, तो राहिलाच.

म्हणजे वाट लागली होती. दहा फोन केले. उचलला नाही. चारला बस, पुढे घाटात रेंज नाही, आणि त्यांच्या गावी रेंज फक्त गोठ्यामागच्या एका मोठ्या खडकावर मिळते, तिथे त्या पोचणार उद्या सकाळी. आज रात्री बारा वाजता माझी मुदत संपणार. मी लॅपटॉप भाजीच्या पिशवीत कोंबला आणि रिक्षात उडी मारली.

“भाऊ, मुलुंड टोलनाका. पटकन.”

“हायवेला पॅक आहे सगळं,” रिक्षावाला म्हणाला. “पटकन असलं तर कालच निघायला पाहिजे होतं.”

याही माणसाने मला ओळखलं होतं. कांजूरला गाडी जी थांबली ती थांबलीच. डम्पिंगच्या कचऱ्याचा वास आला, रिक्षावाल्याने रुमाल नाकाला लावला. मी मात्र तो वास खोल ओढून घेत होतो, कारण मला दुसरी काळजी होती. मावशींना सांगायचं काय? खरं सांगितलं तर खोटं उघडं पडणार. मी मनात वाक्यं रचत होतो. ‘सहज निरोप द्यायला आलो.’ चांगलं होतं. ‘जाता जाता एक मेसेज आलाय का बघा.’ यातलं ‘जाता जाता’ फार सुंदर वाटलं. साडेतीन झाले. पावणेचार झाले. कांजूरला मागे टाकल्याचं सुख भांडुपच्या सिग्नलने काढून घेतलं.

टोलनाक्यावर पोचलो तेव्हा चारला सहा मिनिटं कमी होती. बस उभी होती, इंजिन चालू. फुटपाथवर आपल्या लोखंडी ट्रंकेवर मावशी बसल्या होत्या, ताठ. मला बघून जराही दचकल्या नाहीत.

“या, जावईबापू. उशीर केलात.”

“सहज निरोप द्यायला आलो, मावशी.”

“लॅपटॉप घेऊन?”

मी पिशवीकडे पाहिलं. भेंडीच्या दोन चुकार देठांमधून लॅपटॉपचा कोपरा माझ्याकडेच बघत होता. त्या गप्प. बसचा कंडक्टर ओरडला, “चला, सामान टाका खाली!” तरीही त्या गप्प. ती शांतता एकतीस जुलैची होती, मी ओळखली.

“मावशी,” मी म्हणालो, “मी खोटं बोललो. पडताळलं नव्हतं. आज शेवटचा दिवस आहे आणि ओटीपी तुमच्या फोनवर येतो.”

त्या ट्रंकेवरून उठल्या, पदराने ट्रंकेवरची धूळ झटकली आणि म्हणाल्या, “ठेवा लॅपटॉप.” कमरेच्या पिशवीतून फोन काढला. पूर्ण चार्ज केलेला. “नेट माझं घ्या. पासवर्ड, ‘मुदत’ आणि पुढे एकतीस.”

मी उकिडवा बसून बटण दाबलं. फोन वाजला. त्यांनी तो हातभर लांब धरला. “चार, सात... हा सहा की आठ? चष्मा ट्रंकेत आसा.” मी आठ टाकला. चुकलं. ट्रंकेवर लॅपटॉप, लॅपटॉपवर माझी वर्षभराची सूट, आणि चष्मा त्याच्याखाली! तेवढ्यात ड्रायव्हरने हॉर्न दाबला. मावशींनी उजवा पाय बसच्या पायरीवर ठेवला आणि तिथूनच, एक पाय गावाला आणि एक पाय मुंबईत, फोन माझ्या डोळ्यांसमोर धरला. “परत पाठवायला सांगा त्याला.”

“आजी, चढता की जाऊ?” कंडक्टर वैतागला.

“थांब रे मेल्या,” मावशी कडाडल्या. “एक माणूस पडताळूचो ऱ्हवलो आसा!”

अख्खी बस खिडकीतून त्या माणसाला बघायला लागली. या वेळी आकडे मी स्वतः वाचले. एक गोल फिरलं, फिरत राहिलं, आणि हिरवी खूण उमटली. मी तिथेच फुटपाथवर बसकण मारली. खिडकीतल्या कोणीतरी टाळ्या वाजवल्या. कशाबद्दल, ते त्यालाही माहीत नसावं.

ट्रंक बसच्या पोटात टाकता टाकता मी विचारलं, “मावशी, दहा फोन केले. उचलला का नाहीत?”

“फोनवर तुम्ही परत खोटं बोलला असतात. समोर तुम्हाला तेवढं जमत नाही.” त्या पायरी चढल्या. “पडताळलं नाही म्हणून आठवण करणारे मेसेजही, परताव्याचे येतात तसेच, तुमच्या नावाने माझ्याच फोनवर येतात, हे तरी माहीत आहे का तुम्हाला? तीन आले. आज अडीचच्या आत ओटीपी आला, म्हटलं, निघाले जावई.”

“मग महिनाभर बोलला नाहीत?”

“कबूल करायला पण मुदत द्यावी लागते,” त्या म्हणाल्या. “तीस दिवस दिले. नाही आला असतास तर बस सोडली असती मी. काय करतलंय झिला, तुझो नंबर माझ्याकडे.”

बस निघून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. सात वर्षांत पहिल्यांदा त्या मला अरेतुरे करून गेल्या होत्या. मालवणीत झील म्हणजे मुलगा. त्यांना मूलबाळ नाही.

हल्ली त्या वर्षातला बराच काळ गावीच असतात. नवा आयकर कायदा आला आणि त्यात आर्थिक वर्ष, आकारणी वर्ष ही जोडी गेली, नुसतं ‘करवर्ष’ उरलं. मी हे त्यांना मोठ्या आनंदाने सांगितलं, कारण आता माझी अदलाबदल व्हायची सोयच उरली नव्हती. त्या म्हणाल्या, “म्हणजे आता ताट त्याच वर्षी घासायचं.” आवाज जरा उतरलेला वाटला. इतकी वर्षं सगळ्यांना जे समजावलं, ते समजावायचं कामच गेलं होतं.

आधारवरचा पत्ता मी मध्यंतरी बदलून आणला. केंद्रातल्या बाईंनी विचारलं, “मोबाइल नंबर बदलायचा आहे का?” मी नाही म्हणालो. नेट बँकिंगचा पासवर्डही आता मला पाठ आहे, पण पडताळणी मी आधारनेच करतो. आधी फोन करून सांगतो, मग त्या चष्मा लावून, काठी घेऊन गोठ्यामागच्या खडकावर जाऊन बसतात आणि मला सहा आकडे वाचून दाखवतात. पहिल्या खेपेला मी एखादा आकडा हटकून चुकीचा टाकतो. मग दुसरा ओटीपी येईपर्यंत पाच-दहा मिनिटं बोलणं होतं, विहिरीच्या पाण्याचं, गुडघ्याचं, काकांनी लावलेल्या रतांब्याचं. मला वाटायचं त्यांच्या हे लक्षात येत नसेल. यंदा दुसरे सहा आकडे वाचायच्या आधी त्या थांबल्या. वाऱ्याचा आवाज येत होता.

“झिला,” त्या म्हणाल्या, “पयलो मुद्दाम फुकट घालवतंस मां? घालव. मी हयच बसलंय.”