गुलबक्षीवर संक्रांत

हसायचं नाही, आधीच सांगते. हसलात तर हातातला चहाचा कप काढून घेईन! इतकी वर्षं झाली, डोक्यावर काळा केस उरला नाही, पण गुलबक्षी साडी नेसून कुणी समोरून गेली की माझं टाळकं अजून सरकतं. राग कुणाचा येतो म्हणता? थांबा, शेवटी कळेल.

आता टीव्हीवर दाखवतात ना, लाल गालिच्यावरून नट्या चालतात आणि एक बाई ओरडून सांगते, यंदा हा रंग चालणार, तो दागिना चालणार! आमच्या मराठवाड्यातल्या वाशीत हे काम संक्रांत करायची. ती कशावर बसून आली, काय नेसून आली, अंगावर दागिना कोणता, सगळं पंचांगात छापलेलं. फरक एवढाच, की ती जे नेसली ते आपण वर्षभर टाळायचं. पिवळं नेसून आली की गावातली पिवळी लुगडी पेटीत गेलीच. मोती घालून आली की बायका नथीकडंसुद्धा संशयानं बघायच्या.

तर ते दुष्काळाचे दिवस. दोन वर्षांत माझ्या अंगाला नवं कापड लागलं नव्हतं. आमचे हे सहकारी सोसायटीच्या कापड दुकानात कामाला. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या बायकांपुढं साड्या उलगडायच्या आणि स्वतःची बायको विटक्या पातळात! मला राग येणार नाही तर काय?

माझा दादा सोलापुरात मागावर होता. त्यानं संक्रांतीच्या आधी एक पुडकं आणलं. आत गुलबक्षी साडी, काठ हिरवागार.

"शालन, ह्यो रंग लई चालायलाय यंदा," तो म्हणाला. "आन् ही म्या स्वता विणलीय."

मला रडूच आलं. त्याच रात्री फॉल लावायला बसले. गुलबक्षी दोरा गावात मिळेना, म्हणून पांढऱ्या दोऱ्यानं लावला. टाके थोडे वाकडे आले, पण आतून कोण बघतंय!

नेसायला निमित्तही तसंच होतं. गावात दूध संघाच्या इमारतीचं उद्घाटन, त्याला जोडून बायकांचं हळदीकुंकू आणि पाहुणी कोण, तर मुंबईची खरीखुरी सिनेमातली बाई! तिची ओटी भरायचा मान मला मिळाला. का, तर मी मॅट्रिक झालेली आणि चार माणसांत बोलायला न लाजणारी. फोटो पेपरात येणार होता. मी दादाला सांगून टाकलं, "तुझी साडी अख्खा जिल्हा बघणार बघ!"

इथवर सगळं नीट होतं. पण मला ती साडी शेजारच्या सुमनवहिनींना दाखवायची काय गरज होती? ही सुमन म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरीची बायको. मी नवे डूल केले की आठ दिवसांत तिच्या कानात तसलेच. हे माहीत असून मी साडी दाखवली, वर दादाच्या मालकाचं नाव-गावही सांगितलं! चार दिवसांनी बाईसाहेब घडी घेऊन दारात.

"शालनताई, बघा की कशी हाय!"

तोच रंग. तोच काठ.

"ही तर माझी आहे!" मी किंचाळले.

"तुमची तुमच्या पेटीत हाय की ओ. आमचे हे सोलापूरला गेलते, तुमच्या दादाच्याच मालकाकडून आणली. रंगाची फॅशनच हाय यंदा, आता मी काय करू?"

काय करू म्हणे! त्या दिवशी मी भाकऱ्या थापल्या की बडवल्या, ते आमच्या ह्यांनाच विचारा. पेपरातल्या फोटोत माझ्या मागं हिचं तेच गुलबक्षी ध्यान उभं राहणार होतं.

दुसऱ्या दिवशी कासारीणकाकू बांगड्या भरायला आल्या. माझा हात धरून त्यांनी विचारलं, "गुलबक्षी भरू का? समद्या त्याच भरायल्यात."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. "नको काकू. यंदा संक्रांत गुलबक्षी नेसून आलीय म्हणे. एकुलत्या लेकाच्या आईनं तर हातसुद्धा लावू नये."

काकूंच्या हातातली बांगडीच कडकन वाढवली. "व्हय?"

"पण कुणाला सांगू नका हं! सुमनवहिनींच्या तेवढं कानावर घाला. त्यांना एकच लेक आहे ना."

माझा बेत साधा होता. सुमन घाबरणार, साडी पेटीत ठेवणार. मी मात्र 'मॅट्रिक झालेल्या बायका असलं मानत नाहीत' म्हणून माझी साडी नेसून ऐटीत मिरवणार. फक्त एक गोष्ट रागाच्या भरात विसरले. मलाही एकच लेक होता.

बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव फिरणाऱ्या बाईला 'कुणाला सांगू नका' म्हणणारी बाई तुम्ही कधी बघितलीय? बघून घ्या, समोर बसलीय!

दोन दिवसांनी टँकरपुढं घागर घेऊन उभी होते, तर पुढची बाई मलाच समजावून सांगते, "मागल्या साली समद्या गुलबक्षी नेसल्या, म्हणून तर पाऊस गेला!" येडशीत म्हणे एकीनं दारातलं गुलबक्षीचं झाड मुळासकट उपटलं. बिचाऱ्या झाडानं काय केलं होतं?

तिकडं सोसायटीत, फॅशन आहे म्हणून संस्थेनं मुद्दाम मागवलेला गुलबक्षी साड्यांचा गठ्ठा. बायका नेलेल्या साड्या परत आणून फेकायला लागल्या. आमचे हे घरी आले ते लालबुंद होऊन.

"कुण्या अवदसेनं ही थाप सोडलीय? घावू दे, दुकानाच्या दारात उभी करतो तिला!"

"उभी कराच," मी म्हटलं आणि मिरच्या कुटायला घेतल्या. मान वर केली नाही.

आणि मग एसटीतून सासूबाई उतरल्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. राहायच्या तिकडं मुरुमजवळ, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हणजे माझी थाप तिथवर जाऊन, आत्याबाईंना सोबत घेऊन, परत माझ्याच दारात आली होती! पाणीसुद्धा न पिता त्या म्हणाल्या, "साडी काढ."

"कोणती?"

"गुलबक्षी. दादानं आणलीय न्हवं तुझ्या? एकुलतं एक लेकरू हाय घरात."

"आत्याबाई, ते सगळं खोटं आहे हो!"

"तुला काय म्हाईत खोटं हाय म्हून?"

आता यावर काय बोलू? सांगा ना! 'मीच सोडलंय' म्हणू? बाहेर ओसरीवर आमचे हे बसलेले. मी धावत जाऊन पंचांग आणलं. बघा, संक्रांत पिवळं नेसून आलीय, गुलबक्षीचं नावसुद्धा नाही!

"ते पुण्याचं पंचांग," आत्याबाईंनी निकाल दिला. "तिकडं पिवळं आसंल. आपल्या मराठवाड्यात गुलबक्षीच आलीय."

दादानं विणलेली साडी त्यांनी काखोटीला मारली. "म्या लावते हिची वाट," म्हणाल्या. मी रात्रभर तळमळले. सुमनवर चिडले, कासारणीवर चिडले, संक्रांतीवरही चिडले.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. प्यायला पाणी नाही आणि धूळ बसावी म्हणून मांडवापुढं अख्खा टँकर ओतला! त्यावर लाल गालिचा. तालुक्यात तेवढा एकच, प्रत्येक उद्घाटनाला तोच. मी विटकं पोपटी पातळ नेसून, ओटीचं ताट धरून उभी. ताट आत्याबाईंनीच भरलेलं, आतली साडी खणानं झाकलेली. शेजारी आत्याबाईंचा पहारा.

मोटार थांबली. सिनेमातली बाई उतरली. आणि काय नेसली होती? गुलबक्षी! कानात गुलबक्षी खडे, हातात गुलबक्षी बांगड्या!

अहो, गालिच्याच्या दोन्ही बाजूंच्या बायका एकदम मागं सरल्या. एकीनं लेकराचं तोंड पदराखाली झाकलं. पाहुणी हसू तोंडावर धरून उभी. संघाचे अध्यक्ष मला खुणावतायत, चला, पुढं व्हा! मी पाऊल उचललं, तसा आत्याबाईंनी माझा दंड धरला.

"लेकराची आन हाय तुला!"

तेवढ्यात मागून सळसळ झाली. सुमनवहिनी! नखशिखांत गुलबक्षी. माझ्या हातातलं ताट तिनं अलगद काढून घेतलं आणि गालिच्यावरून अशी चालत गेली, की जणू जन्मभर तेच केलंय.

"अय्या, मॅचिंग!" पाहुणी आनंदली. फोटोवाल्याचा दिवा लखलखला. पाहुणीनं खण उचलला, दिवा पुन्हा लखलखला, आणि खाली माझी साडी! माझ्या दादाची!

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या कानात पुटपुटल्या, "तालुक्याबाहिरच्या बाईला दिली की पीडा जाती म्हणं. मुंबई लई लांब हाय."

"फॉलसुद्धा लावलाय!" पाहुणी म्हणाली.

"आमच्यात तशी पद्धतच हाय," सुमन म्हणाली. पद्धत म्हणे! त्या वाकड्या टाक्यांसाठी माझी बोटं टोचली होती!

परत येताना ती माझ्याजवळ थांबली. "कासारीणकाकूंनी तुमचं नाव घेतलं, तवाच म्या साडी इस्त्रीला दिली," एवढंच बोलली आणि हसत गेली.

पेपरात फोटो छापून आला आणि जिल्ह्याचं वारं फिरलं. सिनेमातली बाई नेसते म्हटल्यावर कसली संक्रांत! आठ दिवसांत सोसायटीतला गठ्ठा संपला. आमचे हे खुशीत. बायकोसाठी एक बाजूला ठेवावी, हे मात्र त्यांना सुचलं नाही.

दादा पेपर घेऊन आला. बराच वेळ बघून म्हणाला, "सुमनच्या अंगावरची आन् ताटातली, साड्या तर दोन्ही माझ्याच मागावरच्या हायत. पर शालन, तू कुठं हायीस?"

मी काही बोलायच्या आत आत्याबाईंनी पेपर ओढून घेतला. "बघ, सुमन कशी उठून दिसायलीय! आन् तू? मॅट्रिक झालीस, आन् कुणी बी सोडलेल्या थापंवर इस्वास ठेवून हातची साडी घालवलीस! जिनं ही थाप सोडली ती बाई एक नंबरची नालायक, आन् जिची साडी गेली ती एक नंबरची येडी!"

आता आत्याबाईंना कोणत्या तोंडानं सांगू, की त्या दोघी एकच विटकं पोपटी पातळ नेसून त्यांच्यापुढं उभ्या आहेत?