भरवण्याचा हक्क

आमच्या मुलीला जेवायला तास लागायचा, कधी त्याहून जास्त, आणि तेवढा वेळ आमच्या घरात मी नसल्यासारखा असायचो. इथे परदेशात, क्वीन्सटाउनमधला आमचा फ्लॅट जुना आहे, स्वयंपाकघर लांबट. त्याच्या तोंडाशी तिची टेकू दिलेली खुर्ची, समोर स्टुलावर बायको. मिक्सरमधून काढलेला वरणभात, वर तूप, उथळ चमचा. बायकोचा एक हात मुलीच्या हनुवटीखाली, दुसरा चमच्यावर. घास आत गेला की ती मुलीच्या गळ्याकडे बघायची, गिळलेलं दिसलं की पुढचा घास. दोघींची नजर एकमेकींत अशी अडकलेली असायची, की फ्रिजमधून पाण्याची बाटली काढायलासुद्धा मी चोरासारखा जायचो.

मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. जन्मताना तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला. ती बसत नाही, बोलत नाही, पण हसते, रुसते, आणि जवळ कोण आहे ते तिला बरोबर कळतं. तिची पहिली वर्षं मी जहाजावर काढली, इंजिनरूममध्ये. नेटवर्क मिळालं की बायकोने पाठवलेले व्हिडिओ उघडायचो. हा घास चिऊचा, हा काऊचा, हा आजीचा, आणि सगळ्यात शेवटी, हा बोटीवरच्या बाबाचा. बाबाच्या घासाला पोरगी हमखास तोंड मिटायची. तोवर ती थकलेली असायची, पोट भरलेलं असायचं, हे मला कळत होतं. तरी मी तो व्हिडिओ परत परत लावायचो आणि दर वेळी मनात यायचं, एकदा माझा घास आधी दिला तर काय जातं हिचं? हे मी कुणाला बोललो नाही. बोलणार तरी कसं?

मग किनाऱ्यावरची नोकरी मिळाली, तुआसच्या एका यार्डात जहाजदुरुस्तीची. रोज घरी यायला लागलो तसा मत्सरालाही रोजचा खुराक मिळाला. मी भरवायला बसलो की मुलगी जिभेने चमचा बाहेर ढकलायची, तिला ठसका लागायचा, आणि बायको हातातलं टाकून हजर. "राहू दे रे, मी देते." हे ती रागाने म्हणायची नाही. रागावली असती तर भांडता तरी आलं असतं. हळूहळू मी बसणंच सोडलं. मित्रांमध्ये हसून सांगायचो, बाबा लोकांना हे जमत नाही.

त्या वर्षी तिच्या छातीची घरघर थांबेना. ताप, अँटिबायोटिक, दोन दिवस बरं, पुन्हा ताप. नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलात तिच्या गिळण्याची तपासणी केली. एक्स-रेच्या मशीनसमोर बसवून औषध कालवलेली पेज भरवतात आणि ती कुठे जाते ते पडद्यावर बघतात. तिथेही भरवायला बायकोच, अंगात शिशाचा जड एप्रन घालून. मी काचेपलीकडे डॉक्टरांच्या शेजारी. पडद्यावर घास काळ्या ओघळासारखा खाली उतरत होता आणि त्याची एक बारीक धार दर वेळी भलत्या नळीत, श्वासाच्या वाटेला लागत होती. डॉक्टर समजावून सांगू लागले, पण मला आधीच कळलं होतं. झडप गळत होती. आयुष्यभर मी हेच बघत आलोय.

डॉक्टरांनी सांगितलं, पोटाला छोटं छिद्र करून तिथे नळी बसवावी लागेल. जेवण थेट पोटात. तोंडाने खाणं निदान काही दिवस पूर्ण बंद.

बायको नाही म्हणाली. घरी येताना एमआरटीच्या ट्रेनमध्ये ती मुलीच्या व्हीलचेअरचा दांडा धरून उभी होती आणि खिडकीकडे बघत म्हणाली, एवढं एकच सुख आहे तिच्या आयुष्यात, तेही काढून घ्यायचं? पुण्याहून माझी आईही फोनवर तेच म्हणाली. मी दोघींना समजावत राहिलो. फुप्फुसं, वजन, औषधं वेळेवर पोटात जाणं. माझं एकही वाक्य खोटं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलेलंच मी जास्त नीट मांडत होतो. पण त्या मांडणीतला जोर मुलीच्या फुप्फुसांसाठी नव्हता. मला एवढंच दिसत होतं, की नळीला हात कुणाचा ते कळत नाही.

शेवटी बायकोने सही केली. माझी सही आधीच झालेली होती.

ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलात शिकवणी असते. पोटाला बटण बसवलेली एक कापडी बाहुली टेबलावर ठेवतात. बटणाला लांब नळी जोडायची, नळीच्या टोकाला दट्ट्या काढलेली मोठी सिरिंज, त्यात दूध ओतायचं आणि सिरिंज हातात उंच धरायची. हात जितका वर, दूध तितकं जोरात. आधी पाणी, नंतर पाणी, पोटात अडकलेली हवा काढायची. मला पहिल्याच खेपेला जमलं. हे काय, माझं रोजचंच काम. नर्स माझ्या वयाची, हसरी चिनी बाई होती. तिने शाबासकी दिली आणि सिरिंज बायकोच्या हातात दिली. बायकोने ओतलेलं दूध बाहुलीच्या फ्रॉकवर सांडलं. मी सिरिंज तिच्या हातातून घेतली आणि पुन्हा करून दाखवलं. परत तिची पाळी आली, परत मी घेतली.

"डॅडी, लेट मम्मी ट्राय लाह," नर्स इथल्या इंग्रजीत म्हणाली.

मी म्हटलं, घरी मी शिकवीन तिला. बायको बाहुलीचा ओला फ्रॉक टिश्यूने टिपत बसली होती. मी मात्र त्या दिवशी इतका खुशीत होतो, की परतताना घराखालच्या हॉकर सेंटरला, खाण्याच्या स्टॉल्सपाशी थांबून आवडीचं खाल्लं. ती फक्त चहा प्यायली.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळचं सांगायला हवं. अमुक वेळेनंतर पोटात काही जाता कामा नये, अशी सूचना होती. बायकोने गुरगुट्या भात केला होता, रताळं कुस्करून घातलं होतं. ती नेहमीपेक्षा सावकाश भरवत होती. प्रत्येक घासाला काहीतरी पुटपुटत होती, मला ऐकू येऊ नये इतपत. मी दाराशी उभा होतो. हे संपणार आहे, उद्यापासून हे स्टूल हिचं एकटीचं नाही, असं मी स्वतःला बजावत होतो, आणि तरी त्या दोघींवरून नजर हलवत नव्हतो. मी म्हटलं, पुरे आता. वेळ झाली.

वेळ झाली नव्हती. चांगला तासभर बाकी होता.

बायकोने चमचा खाली ठेवला. मुलीचं तोंड पुसलं. उरलेला भात तिने बेसिनपाशी उभ्याउभ्या स्वतः खाल्ला.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. शुद्धीवर आली तेव्हा मुलगी कण्हत होती, पोटावर पट्टी, हात त्या पट्टीकडे जाऊ नये म्हणून मोजे घातलेले. बायको तिच्या कपाळावर हात ठेवून बसली. मला दुसऱ्या दिवसाचे वेध लागले होते. आधी नुसतं पाणी, मग थोडं दूध. नर्सने विचारलं कोण देणार, आणि मी उभाच राहिलो. सिरिंजमधलं दूध हळूहळू खाली सरकत होतं. ठसका नाही, घरघर नाही. ते माझ्या हातून तिच्या पोटात चाललं होतं आणि कुणी मला राहू दे म्हणत नव्हतं. माझे डोळे भरून आले. नर्सला वाटलं, बापाचं काळीज.

रजा टाकून मी घरी थांबलो होतो. दिवसभराचं सगळं दूध मीच द्यायचो, भोकाभोवतीची कातडी कोमट पाण्याने पुसायचो, बटण हलकेच फिरवायचो. आठवड्याभरात मुलीचा चेहरा भरल्यासारखा दिसायला लागला. बायकोला काम उरलं नाही. ती मिक्सर घासून ठेवायची, परत काढून घासायची. जेवणाच्या वेळेला उगाच स्वयंपाकघरात येऊन उभी राहायची आणि मी आहे बघून बाहेर जायची. अगदी जशी मी जायचो तशी. मला ते दिसत होतं आणि मला त्याचा आनंद होत होता. हे लिहितानाही हात अडखळतो, पण होत होता.

मग तपासणीला गेलो तेव्हा गिळण्याच्या थेरपिस्टने सांगितलं, आता चवीपुरतं द्यायला हरकत नाही. बोटाच्या टोकावर येईल एवढंच. आणि नळीतून दूध चालू असतानाच द्या, म्हणजे पोट भरण्याचं आणि चवीचं नातं तुटणार नाही.

त्या संध्याकाळी मी सिरिंज धरून उभा, आणि बायको परत तिच्या स्टुलावर. तिने आमटी घट्ट आटवून आणली होती, चिंचगुळाची. बोट बुडवून मुलीच्या ओठांना लावलं. मुलीने जीभ फिरवली, आंबट लागलं तसे डोळे गच्च मिटले, सगळा चेहरा चुरगळला आणि मग ती हसली. आवाज करून हसली. आईकडे बघून. तिचं पोट माझ्या हातातल्या दुधाने भरत होतं आणि ती एकदाही वर बघत नव्हती.

असं आठवडाभर चाललं. माझी रजा संपत आली होती. सोमवारपासून यार्ड, आणि दुपारचं दूध कोण देणार हा प्रश्न आम्ही दोघंही टाळत होतो. रविवारी दुपारी नळ्या धुताना माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझ्याकडे बघूनच हसते ती. मी आपला पंप."

बायको भांडी पुसत होती. म्हणाली, "मग अजून काय हवंय तुला? नळी घेतलीस, सिरिंज घेतलीस. त्या नर्सला मला शिकवूसुद्धा दिलं नाहीस. उद्या तू गेलास की मी काय करू? बाहुलीला पाजू?"

मला सुचलं ते भलतंच होतं. "ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वेळ शिल्लक होता," मी म्हटलं. "मी मुद्दाम थांबवलं तुला."

"माहीत आहे. घड्याळ समोरच आहे."

"मग थांबलीस कशाला?"

तिने फडकं दांडीवर टाकलं, सरळ केलं. "तिला नको होतं. केव्हापासून नको होतं, मीच कोंबत होते. तू पुरे म्हणालास तेव्हा सुटल्यासारखं झालं. आणि तुझा इतका राग आला, की अजून गेला नाही."

तीच पुढे म्हणाली, "ऑपरेशनला नाही म्हणत होते ना, तेही सगळं काही तिच्यासाठी नव्हतं. तिला दुसऱ्या कुणाच्या हातून खाता यायला लागलं, तर माझं काय उरलं?"

इतकी वर्षं एका घरात राहून मला वाटत होतं की हे फक्त माझ्याच पोटात आहे. हिच्याकडे सगळं आहे, हिला कसला मत्सर असणार.

"शिकव," ती म्हणाली. "आत्ता."

मुलीच्या दुधाची वेळ होतच आली होती. मी बायकोला सिरिंज दिली आणि या खेपेला हात मागे बांधून उभा राहिलो. तिने ती फार उंच धरली, दूध भराभर गेलं, मुलीला उमासा आला. माझे हात पुढे जायला निघाले होते. खरं सांगायचं तर त्या उमाशाने मला क्षणभर बरंही वाटलं. मी फक्त म्हटलं, खाली घे, तिच्या छातीच्या पातळीला. तिने घेतलं. दूध संथ झालं.

"तू चव दे," ती म्हणाली. "मला दोन्ही जमणार नाही."

मी स्टुलावर बसलो. आमटीत बोट बुडवलं, मुलीच्या ओठांना लावलं. तिने जीभ फिरवली, चेहरा चुरगळला आणि सवयीने आईकडे बघितलं. पण आई सिरिंजवरच्या रेघांकडे टक लावून होती, श्वास रोखून. मुलीने थोडा वेळ वाट पाहिली. मग माझ्याकडे वळली. नाइलाजाने, पण वळली. हसली नाही. नुसती बघत राहिली, मीही बघत राहिलो, आणि तेवढ्यात बायको म्हणाली, झालं, आता पाणी ना?

सोमवारी यार्डात माझं लक्ष नव्हतं. लॉकरमधला फोन काढून बघायला मी दोनदा जहाजाच्या पोटातून वर आलो. तिचा एकही मेसेज नव्हता. संध्याकाळी तुआसहून ट्रेनने, मग धावत घरी. मुलगी खुर्चीत शांत झोपलेली, तोंडाच्या कोपऱ्याला आमटीचा पिवळा डाग. दुपारचं दूध झालं होतं. संध्याकाळचंही आत्ताच देऊन झालं, एक थेंब सांडला नाही, बायकोने सांगितलं. तिचा चेहरा उजळला होता.

"छान," मी म्हणालो. सिरिंज धुऊन रॅकवर निथळत होती. मी बाह्या वर केल्या आणि ती परत धुतली.