खिरीचा घास

कुपवाडच्या एका फौंड्रीत धुळा रोजंदारीवर होता. घर जतकडचं, मेंढ्या राखणाऱ्यांचं. त्याचा जोडीदार अर्जुना विट्याजवळचा. साच्यातून निघालेले लोखंडी नग दोघं तपासत. अर्जुना हातोडीनं नग वाजवायचा. सलग नग खणखणीत बोलायचा, आतून चिरलेला बद्द वाजायचा. बद्द वाजला की अर्जुना मान हलवायचा आणि धुळा त्यावर खडूनं फुली मारून तो बाजूला ठेवायचा. कान अर्जुनाचा, खडू धुळाचा. तीन वर्षं दोघंही कायम होण्याची वाट पाहत होते.

१९९४च्या मार्गशीर्षात मालकांच्या वडिलांचं दरवर्षीचं श्राद्ध आलं. मालकांनी शेडमध्येच अन्नदान ठेवलं; कामगार, हमाल, रस्त्यानं जाणारा, कुणालाही ताट. भट्टी चालू होती, म्हणून दोन पंगती ठरल्या. अर्जुना म्हणाला, "तू जा आदी. सकाळधरनं उपाशी हाईस."

भात, आमटी, वांग्याची भाजी आणि गव्हाची खीर. धुळानं खिरीचा पहिला घास तोंडात घातला आणि सुपरवायझर दादासो पंगतीतून फिरत आले. गेल्या आठवड्यात बाजूला काढलेले सोळा नग पुण्याच्या गिऱ्हाइकानं मुद्दाम कापून पाहिले होते. सोळाच्या सोळा आतून चिरलेले निघाले. मालक खूश होते. तपासणीला एक माणूस कायम घ्यायचा होता.

"कुणी काढलं रं ते?" दादासोंनी विचारलं.

शेजारचा सांगून मोकळा झाला. "ह्या धुळानं. खडू ह्याच्याच हातात असतोय."

दादासो धुळाकडे बघत थांबले. धुळाचं तोंड भरलेलं होतं. गव्हाची खीर चावावी लागते हे खरं, पण इतकी नाही. तो चावत राहिला.

"उद्या हापिसात ये, कागदं घिऊन," म्हणून दादासो पुढे गेले. सगळी पंगत उठल्याशिवाय मधून कुणी उठत नाही, म्हणून धुळाही उठला नाही. पुढे कितीतरी दिवस त्यानं स्वतःला हेच कारण दिलं.

तो परत येईपर्यंत बातमी अर्जुनाला कळली होती. धुळा कायम झाला, एवढीच. कशामुळे, हे अर्जुनानं विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं धुळा मानतो.

"लय झ्याक झालं गड्या. एकजण तरी सुटला." अर्जुनानं हातोडी त्याच्या हातात दिली. "आता कान तयार कर. डोळं मिटून ऐक."

दुसऱ्या पंगतीला न जाता तो नगामागून नग वाजवून दाखवत राहिला. धुळानं दोनदा बोलायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा अर्जुना म्हणाला, "गप. ऐक." शेवटी अर्जुना जेवायला गेला तेव्हा खीर संपली होती. त्यानं आमटी-भात खाल्ला.

पाच महिन्यांनी रोजंदारीची माणसं कमी केली. अर्जुना गावच्या लोकांबरोबर कोइमतूरला सोनं गाळण्याच्या दुकानात गेला.

धुळाचा कान आता तयार आहे. चिरलेला नग त्याच्या हातून सुटत नाही. दरवर्षी अन्नदानाला तो पहिल्या पंगतीला सगळ्यांना धाडतो आणि एकटा मागे थांबतो. खीर संपल्यावरच जेवायला बसतो. नवी पोरं म्हणतात, धुळाअण्णा लय मोठ्या मनाचा माणूस.

धुळा तेव्हाही तोंडातला घास चावत राहतो.