दोन लाइनींचा बोर्ड

आंजीतल्या माझ्या नेटच्या दुकानावर बोर्ड होता: 'दोन लाइनी. नेट बंद पडणार नाही.' तो शेजारच्या मास्तरांच्या मुलीनं, ती दहावीत असताना, रंगवून दिला होता. आणि ते खरंही होतं. एका कंपनीची लाइन वर्धेकडून यायची, तिच्या कट्टर वैऱ्याची आर्वीकडून. रस्त्याच्या कामात एक तुटली की मी दुसरीवर टाकायचो, गावाला पत्ताही लागत नसे. दोन्हींचे एजंट दिवाळीला मला मिठाई आणायचे आणि एकमेकांना शिव्या घालायचे. फार बरे दिवस होते ते.

मग दोन्ही कंपन्या एक झाल्या. कंपनीचा साहेब आला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, आता डबल ताकद!" मीही मूर्खासारखा खूश. दुकानात दोन डबे, दोन्हींचे हिरवे दिवे चालू. रोज सकाळी दोघांना उदबत्ती ओवाळायचो. मागची वायर आता कुठून येते, हे विचारायची अक्कल काही झाली नाही.

मास्तरांच्या त्या मुलीला पुण्याच्या नोकरीसाठी नेटवरून मुलाखत आली. ती बॅग भरून वर्धेला आत्याकडे निघाली होती. मीच अडवलं. "वर्धेले कायले जातं वं पोरी? माह्या दुकानात बस. दोन लाइनी हायेत!"

तिसऱ्याच प्रश्नाला पडदा थिजला. धावत दुसऱ्या डब्याची वायर लावली, तोही मेलेला. मोबाइलचा टॉवर त्याच कंपनीचा, तोही गेला. गाडी काढून वर्धा रोडला पोचलो, तर नळाच्या पाइपसाठी जेसीबीनं खड्डा केलेला आणि माझ्या दोन्ही लाइनी एकाच नळीत तुटून पडलेल्या.

"आर्वीकडची तर कईचीच बंद केली न भाऊ," जोडणी करणारा म्हणाला. "तुमाले नाई मालूम?"

मुलीला दुसरी संधी मिळाली नाही. साहेबाला फोन लावला, तर यंत्रातली बाई सांगते, तुमचा कॉल महत्त्वाचा आहे. डोंबलाचा महत्त्वाचा! दुसऱ्याकडे जातो म्हणून दम द्यावा, तर दुसरा उरलाय कोण?

आठवड्यानं ती ब्रश घेऊन दारात आली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बोर्ड मीच रंगवलता न काका," ती म्हणाली. "दोनचं एक करून देऊ?"

मी स्टूल धरून उभा राहिलो. वर तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.