हिरव्या अक्षरांची बाजू घेणारी

गेल्या महिन्यात कारखान्यातल्या फोनवर माझ्यासोबत काम करणाऱ्या सुजाताच्या भावाचा आवाज आला. "ताई गेली. तुमी सणसरला या," एवढंच तो बोलला... ती आजारी होती हे ठाऊक होतं. फोन ठेवून मी तिच्या गावाची एसटी धरली. पुढं बारामती एमआयडीसीतल्या आमच्या दूध कारखान्यात शोकसभा झाली. एका साहेबांनी तिला 'जुन्या यंत्राशी एकनिष्ठ राहिलेली प्रोग्रॅमर' म्हटलं. चांगल्या मनानं म्हटलं असेल. पण सुजातानं ते वाक्य तिथल्या तिथं अडवलं असतं. ती नाही, म्हणून मी अडवते आहे.

ते यंत्र जुनं नव्हतं. या नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही दोघी संगणक विभागात लागलो, तेव्हा ते बसवलं गेलं. धंद्याच्या कामासाठीच घडवलेलं, कपाटाएवढं. दूध किती आलं, कुठल्या टँकरनं काय गेलं, सगळं त्याच्या पोटात. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. मधे त्याच्या जागी त्याच जातीचं नवं, कितीतरी वेगवान यंत्र आलं आणि आमचे सगळे प्रोग्रॅम जसेच्या तसे त्यावर चालू लागले. अक्षरं मात्र हिरवीच राहिली. तेवढ्यावरून पुण्याहून आलेले तरुण प्रोग्रॅमर त्याला अजबखाना म्हणत. माउसनं उघडणाऱ्या रंगीत खिडक्या ज्यात नाहीत, ते त्यांच्या लेखी मेलेलं.

त्यांच्यातल्या शिरीषनं ते काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला आणि वरच्यांना तो पटलाही. बैठकीत सुजातानं सरळ नाही म्हटलं. नवं शिकायची तिला भीती वाटते, असं कुणीतरी सुचवलं. पुण्यात एम.एस्सी. करून, तिथली नोकरी सोडून ती आपल्या मर्जीनं परतली होती, आणि साहेबांपुढंही सणसरचीच बोली बोलायची. ती शांतपणे म्हणाली, "अक्षरं हिरवी हायेत म्हणून यंत्र म्हातारं व्हत न्हाय. काढायच्या आदी त्येच्याशी एकदा बोलून तर बघा."

वरच्यांनी थोडी मुदत दिली, आणि तिनं मदतीला मागितला तो शिरीषच. त्याच्या रंगीत खिडक्या पुढं, तिचं यंत्र मागं. दोन्हींची जोडणी करायची. हे जमणारच नाही हे दाखवायलाच तो तयार झाला असावा. कित्येक आठवडे दोघं भांडत होते. तिनं त्याची प्रोग्रॅमची भाषा शिकून घेतली, त्याला आपली शिकवली. एका दुपारी फाटकावरच्या माणसानं नेहमीसारखी हिरव्या पडद्यावर टँकरची नोंद केली आणि ती शिरीषच्या खिडकीत उमटली. यातून आणखी काय काय करता येईल, असं त्यानं विचारलं. आधी चहा सांग, सुजाता म्हणाली.

पुढच्या बैठकीत शिरीषनं स्वतःच प्रस्ताव मागं घेतला. पडदा पाहून मत बनवलं होतं, म्हणाला. पुण्यातले मित्र त्याला हसले, तेव्हा त्यानं त्यांना एसटीत घालून बारामतीला आणलं. काहींना पटलं, काहींना नाहीच. सुजाताला त्याचं काही वाटलं नाही.

मग आजार. उपचारांनी केस गेले, तरी डोक्याला रुमाल बांधून ती कामावर यायची. मायेपोटी आम्ही तिची कामं वाटून घेऊ लागलो. तिनं ती एकेक करून परत घेतली. "मला बी वरून बघून निकालात काढू नगा," ती मला म्हणाली. त्यानंतर आम्ही कुणी तिच्या कामाला हात लावला नाही.

नव्या माणसाला यंत्रापुढं बसवायची तिची एक पद्धत होती. पडदा ती मुद्दाम बंद ठेवायची. आधी यंत्राच्या मागं न्यायची, त्याचं दार उघडायची, आतल्या पंख्यांचा वारा हाताला लागू द्यायची आणि हे काय काय करतं ते सांगायची. परवा दोन मुली नव्यानं रुजू झाल्या. त्या खुर्चीकडं निघाल्या, तर शिरीषनं त्यांना थांबवून यंत्राच्या मागं नेलं. दार उघडलं. हे सगळं कुणी जोडलं, असं एकीनं विचारलं. तुम्हीच सांगा, तो मला म्हणाला. मी पूर्ण नाव सांगितलं... सुजाता सोनवणे, सणसर.