कपाशीतली वाळकं

आमचं शेत हसनाबादजवळ. कपाशी लावताना वहिनी ओळींच्या मधे मधे वाळकाचं, म्हणजे गावरान काकडीचं, बी टाकायची. ते बी तिनं माहेरून आणलेलं. पोळ्याच्या पुढं कपाशीत जागोजागी वाळकं लोळलेली दिसायची. तण निंदायला आलेल्या बाया ती पदराला पुसून तिथंच खायच्या.

नव्वदनंतर बोंडअळी फार वाढली. दादा, माझा थोरला भाऊ, आधी हंगामात एकदा-दोनदा फवारायचा. मग दर आठवड्याला पाठीवर पंप घेऊ लागला. दुकानदार सांगेल त्याच्याहून झाकणभर औषध जास्तच टाकायचा.

वहिनी म्हणायची, "आवं, अळी दिसंना तरी कशापायी औषध मारून राह्यलात?"

"दिसल्यावर मारून काय फायदा?" दादा म्हणायचा.

एका दुपारी निंदता निंदता तिनं एक वाळूक खाल्लं. तो पट्टा दादानं सकाळीच फवारला होता आणि तिला सांगायचं विसरला होता. थोड्या वेळात तिला उलट्या सुरू झाल्या. तोंडातून लाळ, अंगाला दरदरून घाम. "भावजी, डोळ्याम्होरं अंधारी येऊन राह्यली," एवढंच ती मला बोलली. सडकेवर जीप थांबवून आम्ही तिला भोकरदनला दवाखान्यात नेलं. वहिनी वाचली. पण हातांना कापरं भरलं ते गेलंच नाही. भाकरी थापायला बसली की काठ फाटायचे.

त्यानंतर दादा बदलला. उन्हाळ्यात निंबोळ्या वेचून वाळवायचा, कुटून रात्रभर भिजवायचा आणि ते पाणी गाळून फवारायचा. अळी अगदीच आवरेना तेव्हाच औषध, तेही घरात सगळ्यांना बजावून. गाव हसलं. थोडी बोंडं किडली, पण पीक बुडालं नाही.

वहिनीनं मात्र वाळूक पुन्हा लावलं नाही. काही वर्षांनी मी ते जुनं बी टाकून पाहिलं, उगवलं नाही. तिच्या माहेरीही तोवर कुणाकडं उरलं नव्हतं.

पुढं गावातली पोरं दादाला निंबोळीचं विचारायला यायची. एकजण म्हणाला, "काका, हे आधीच कळालं असतं तर लई बरं झालं असतं."

दादा म्हणाला, "कळत व्हतं रे. हिनं कितींदा सांगितलं व्हतं. पीक जाईल ह्याचंच भ्या वाटायचं. माणूस जाईल हे ध्यानातच आलं न्हाई."

वहिनी शेजारीच बसली होती. "जाऊ द्या आता," ती म्हणाली.

दादाला ते जाऊ देता आलं नाही, शेवटपर्यंत.