मारुतीचा रोजचा रिपोर्ट

मार्च १९७८, सोमवार, सकाळी सहा. बेळगाव, ट्रेनिंग सेंटरचा तरणतलाव. हजर: पोहणं शिकवणारा उस्ताद म्हणून मी, हवालदार, गाव खानापूर तालुक्यातलं, परीक्षेला रिक्रूट मारुती खोत, गाव निपाणीजवळ, आणि यादीत नाव नसताना काठावर येऊन उभे राहिलेले पंडितजी. पंडितजी म्हणजे आमच्या मंदिराचे धर्मगुरू, हुद्दा नायब सुभेदार.

उंच फळीवरून उडी, मग पन्नास मीटर पोहणं, एवढीच परीक्षा. मारुती अकरा मिनिटं फळीवर उभा राहिला आणि शिडीनं खाली उतरला. दुसऱ्यांदा नापास. शेवटची संधी महिन्यानं. तीही गेली तर वर्दी जमा करून घरी.

"पाच नारळांचा नवस बोललो हुतो की, उस्ताद."

"मागच्या खेपेला किती?"

"तीन."

पंडितजी हसले. "म्हंजे देवाला प्रमोशन दिलंस व्हय रं? आणि सरावाला किती दिवस उतरलास?"

मी वही उघडली. सरावाच्या वेळी चारदा पोटात दुखलं होतं, बाकीचे दिवस तो आपणहून लंगरात कांदे चिरायला गेला होता. "एकही नाही," मी सांगितलं.

"तरीच मंदिर परेडला तुझी मान खाली असती," पंडितजी म्हणाले. "आजपासून मागणं बंद. रोज संध्याकाळी देवापुढं सावधान उभं ऱ्हायचं आणि दिवसाचा रिपोर्ट द्यायचा. खरा."

पहिला रिपोर्ट मी स्वतः ऐकला.

"रिक्रूट मारुती खोत, देवा. आज पाण्यात उतरलो न्हाई. पायऱ्या मोजल्या. सात हायत."

मागच्या रांगेत खसखस पिकली. पंडितजींनी मात्र शाबासकी दिली. खोटं बोलला नाही म्हणून.

दुसऱ्या आठवड्यात: "नाकात पाणी गेलं, देवा. तुज्यावर लई राग आला." तिसऱ्या आठवड्यात: "पंधरा मीटर. उचलून ने म्हनत न्हाई, पर बघत ऱ्हा." त्या संध्याकाळी त्याची मान वर होती आणि नजर थेट मूर्तीकडे. मी वहीत तशी नोंद केली.

परीक्षेच्या दिवशी तो चढला आणि न थांबता उडी टाकली. माझं रजिस्टर भिजलं. पन्नास मीटर पार झाले, पण हातपाय मारायची ती तऱ्हा मी कुठल्याच परेडला शिकवली नव्हती.

"ही कुठली स्टाईल रे?"

"घरची हाय, उस्ताद."

पास.

ऑगस्ट १९८४. उत्तरेकडची एक चौकी. मी आता नायब सुभेदार, मारुती माझ्याच प्लाटूनमध्ये नाईक. दुपारी १४२० वाजता नाल्यापलीकडून रेडिओवर निरोप आला.

"चार जवान. एक जखमी. पाणी चढतंय. ओव्हर."

"दोर मी नेतो, साहेब," मारुती म्हणाला.

"पाणी बघितलंस?"

"तीन ठिकाणी पाय घालून बघितलं. वरच्या वळणावरनं जमतंय."

त्यानं हात जोडले नाहीत. क्षणभर सावधान उभा राहिला, ओठ हलले, मग उतरला. १४४० ला दोर पलीकडे बांधला गेला. आधी जखमी, मागून तिघे, सगळे सुखरूप अलीकडे आले. शेवटचा माणूस म्हणून मारुती दोर कमरेला बांधून निघाला. मधोमध असताना वरून वाहत आलेला ओंडका लागला. १५२५ ला आम्ही त्याला ओढून घेतलं. श्वास नव्हता.

त्याचं सामान घेऊन मी त्याच्या गावी गेलो. आई तंबाखूच्या वखारीत कामाला. तिनं ट्रंक उघडली, मिटली आणि मला म्हणाली, "सुट्टीला आला की मला पवायला शिकिवनार हुता, आप्पा. आता तुमी शिकवा."

तेव्हापासून मी मारुतीच्या आईला मावशी म्हणतो आणि दर मे महिन्यात त्यांच्या विहिरीवर जातो. पहिल्या वर्षी पायरीवर गुडघाभर पाणी. पुढच्या वर्षी कमरेएवढं. गेल्या वर्षी पाठीला सुके भोपळे बांधून मावशी गळ्यापर्यंत उतरल्या. साठीच्या बाईनं याहून जास्त काय करायचं?

"कड सोडा, मावशी."

"देवाचं नाव घिऊन सोडू, का सोडून घिऊ?"

"कसंही घ्या, पण सोडा."

"थांबा वो आप्पा, बसगाडी सुटाय लागलीय काय!" म्हणत त्या हसल्या, आणि सगळी विहीर घुमली.

कड अजून सोडायची आहे.